वाट देणारे आणि वाट घेणारे

एकट्याने काही साधले म्हणजे मनुष्यास जो आनंद होतो, त्यात सत्याचा अंश किती आणि अभिमानाचा किती, हे निवडून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तो आम्हांवर नवरात्रातल्या एका रविवारी कळसूबाईच्या वाटेवर आला.

महाराष्ट्रात याहून उंच शिखर दुसरे नाही. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अकोले तालुक्यातील बारी गावातून वाट चढू लागते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत आणि माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. प्रभादेवीच्या घरून पहाटे निघावे, कसाऱ्यापर्यंत लोकलने व पुढे घोटीवरून भाड्याच्या जीपने बारी गाठावी, कोणास सोबत घेऊ नये, कोठे बसू नये आणि रात्री जेवायला घरी परतावे, असा आमचा संकल्प होता. तो तडीस गेला. साधारण मनुष्यास चढायला तीन तास लागतात. आम्ही पावणेदोन तासांत देवळाच्या पायरीशी होतो.

नवरात्रामुळे वाट माणसांनी भरली होती. शहरातील तरुणांचे जथे होते, आसपासच्या गावांतून नवस फेडायला आलेली कुटुंबे होती. आम्ही ‘जरा वाट द्या’ म्हणत पुढे सरकत होतो. एका शिडीच्या मध्यावर एक म्हातारी नातवाला घेऊन चढत होती. आम्ही तिलाही तेच म्हटले. तिने कठड्याला अंग चिकटवले व म्हणाली, “जा बाबा, जा. देवी काही पळून जात नाही.” आम्ही गेलो.

उतरताना ती दोघे शिडीच्या वर एका खडकावर बसलेली दिसली. आठ-नऊ वर्षांचा तो मुलगा आम्हांस ओळखून म्हणाला, “तुम्हाला वाट देताना आजीचा ओटीचा नारळ खाली गेला. एका बाईच्या डोक्याजवळून गेला.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हातारी त्याला दटावून म्हणाली, “गप रे. त्यांना गाडी गाठायची असेल.”

तेव्हापासून ‘एकट्याने’ हा शब्द आम्हांस खटकू लागला आहे. शिडी कोणी घडविली, तिचे लोखंड कोणी पाठीवरून वर नेले, हा विचार क्षणभर बाजूस ठेवू. पण त्या दिवशी जी शेकडो माणसे कडेला सरली, ती प्रत्येकी क्षणभर थांबली म्हणूनच आम्ही कोठे थांबलो नाही. आमचे पावणेदोन तास इतरांच्या वेळातून घेतलेल्या लहान लहान उसनवाऱ्यांनी बनले होते. त्यांत एक नारळही होता.

‘गर्दी’ हा शब्दच मोठा फसवा आहे. ‘आज फार गर्दी होती’ असे म्हणणारा स्वतःस त्या गर्दीत कधी मोजीत नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण रांग लांब असल्याचे सांगतो. ती आपल्यामुळे एका माणसाने लांबली आहे, हे कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, चपळ मनुष्याने मंदगतींच्या मागे रखडावे काय? बळ असणे हा अपराध आहे काय? आक्षेप रास्त आहे. वेगाशी आमचे भांडण नाही. रुंद वाटेवर पुढे जाणाऱ्याने कोणाचे काही घेतले, असे म्हणता येणार नाही. परंतु शिडीवर वाट मागणारा सुरक्षित असतो आणि धोका पत्करतो तो वाट देणारा. आणि तो बहुधा अधिक दुबळा असतो. म्हणून आम्हांस असा नियम सुचतो: जेथे वाट देण्यास काही पडत नाही तेथे ती मागावी; जेथे देणाऱ्याचा पाय घसरू शकतो तेथे आपण थांबावे. २००६ साली एव्हरेस्टच्या वाटेवर डेव्हिड शार्प हा इंग्रज गिर्यारोहक मरणासन्न स्थितीत असता सुमारे चाळीस जण त्याच्या बाजूने गेल्याचे प्रसिद्ध झाले आणि एडमंड हिलरी यांनी त्याचा कठोर शब्दांत निषेध केला. त्यांच्यापाशी त्याला वाचविण्याचे सामर्थ्य होते की नव्हते, याचा वाद झाला. आमच्या शिडीवर तोही वाद संभवत नव्हता. तळाशी दोन मिनिटे उभे राहणे कोणासही जमले असते.

परतताना आम्ही परळला उतरून पुलावरून प्रभादेवीकडे आलो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, तेही नवरात्रच होते, या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर भर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. प्रभादेवी स्थानकाचे नाव तेव्हा एल्फिन्स्टन रोड होते. लष्कराने बांधलेला नवा पूल २०१८ मध्ये खुला झाला. त्या सकाळी पुलावर अडकलेल्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. बाजूला सरावे म्हटले तरी त्यांना जागाच उरली नव्हती. थांबण्याची मोकळीक हीसुद्धा एक संपत्ती आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळते. शिडीच्या तळाशी ती आम्हांपाशी भरपूर होती आणि आम्ही ती खर्चली नाही.

आम्ही पुन्हा कळसूबाईला जाऊ, कदाचित एकटेच, आणि वाट मोकळी असेल तेथे वेगानेही चढू. म्हाताऱ्या बाईला नारळाची किंमत आम्ही त्याच वेळी देऊ केली होती. तिने ती घेतली नाही. तेवढा हिशेब आमच्या खात्यावर अजून उभा आहे.