आपल्या सर्व शक्तीने



परवा मिस्सानंतर एक माता आपल्या मुलीला घेऊन आम्हांला भेटल्या. "फादर, ही रोज पहाटे ग्राउंडवर पळते, दंड-बैठका काढते. उन्हानं काळी पडली तर हिला कोण करून घेईल? तुम्हीच सांगा." आम्ही मुलीला विचारले. ती म्हणाली, "आधी क्लासहून अंधारात येताना धाकधूक व्हायची. आता मान वर करून येते."

आम्हांला मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय आठवला. सर्वांत मोठी आज्ञा सांगताना प्रभू येशू मन, जीव आणि बुद्धी यांच्यासोबत शक्तीचेही नाव घेतो. प्रार्थनेत आपण मन देतो, अभ्यासात बुद्धी देतो. शक्ती मात्र विसरतो, नाहीतर आरशापुढे उभी करतो.

प्लेटोला शरीर आत्म्याचा तुरुंग वाटले. संत पौलाने त्याला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले. मंदिराचा रंग आधी पाहावा की भिंतींची मजबुती? १९९३ चा भूकंप सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको.

आपल्याच निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली 'महाराष्ट्र केसरी' झाले. पुढे पुण्यात वस्ताद होऊन त्यांनी अनेक मल्ल घडवले. कमावलेले बळ त्यांनी असे वाटून दिले. मुलींना ही वाट फार उशिरा मोकळी झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी विजयी ठरली.

मुलगी बळकट झाली म्हणून रस्ता सुरक्षित ठेवण्याची आपली जबाबदारी संपत नाही. तसेच जे आजारी वा अपंग आहेत, त्यांचे शरीरही तेवढेच पवित्र मंदिर आहे. प्रत्येकाने आपल्याजवळ असलेली शक्ती राखावी, एवढेच देव मागतो. आजीने हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव केला, तर तोही व्यायामच. शक्ती असेल तरच आपण स्वतःच्या पायांवर उभे राहू आणि पडलेल्याला हात देऊ.

त्या मातेला आम्ही एवढेच म्हटले, "बाई, तिला थांबवू नका. जमल्यास उद्यापासून तिच्यासोबत चालायला जा."

या आठवड्यात आपल्या घरातही कुणाला असे अडवले जात असेल, तर ती वाट मोकळी करू या. प्रभू आपणांस बळ देवो. आमेन.

आपले धर्मगुरू