दुःखाला आकार देणारे हात



बावीस प्रतिज्ञा घेताना आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. ते योग्यच केले. परंतु घरातला कर्ता मुलगा जातो, त्रिशरण-पंचशील होते, माणसे पांगतात, आणि मग म्हातारी आई विचारते, "आता मी त्याच्यासाठी काय करू?" अशा वेळी 'सर्व संस्कार अनित्य आहेत' एवढेच तिला ऐकविले, तर ते ज्ञान खरे असूनही कोरडे ठरेल. पूर्वी तिच्या हातांना काही काम होते. ते आपण काढून घेतले. त्या जागी काय दिले?

या प्रश्नासाठी एका दूरदेशीच्या मातेची हकीकत सांगतो. ती बौद्ध नव्हती. तरी तिने आपल्या दुःखाचे जे केले, ते आपण समजून घेण्यासारखे आहे.

कॅथे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार व शिल्पकार. जन्म १८६७ चा. पती कार्ल बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होते. गरीब बायाबापड्यांची दुःखे तिने चित्रांत उतरविली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. धाकटा मुलगा पीटर अवघा अठरा वर्षांचा. सैन्यात जाण्यास त्याला बापाची संमती हवी होती. बाप राजी नव्हता. आईने मुलाची बाजू घेतली व संमती मिळवून दिली. त्याच ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. विचार करा, त्या आईच्या उरावर केवढा धोंडा! शोक तर होताच, वर 'मीच त्याला पाठविले' ही टोचणी.

वर्ष सरण्यापूर्वीच तिने मुलाच्या स्मारकाचे काम मनावर घेतले. मुलगा पडलेला, उशाशी बाप, पायथ्याशी आई, अशी पहिली कल्पना होती. ती साधेना. १९१९ साली तिने काम सोडले. काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले. शेवटी १९३२ साली पीटरच्या दफनभूमीत ग्रॅनाइटच्या दोनच मूर्ती उभ्या राहिल्या : गुडघे टेकलेले आई आणि बाप. मुलाची मूर्ती त्यात नाही. त्यांच्यापुढे जितक्या कबरी, तितकी सारी त्यांचीच मुले! एका घरचे दुःख सर्वांच्या घरचे झाले. त्याला अठरा वर्षे लागली.

किसा गोतमीची कथा आठवा. मेलेले मूल उराशी धरून ती तथागतांकडे आली. तथागतांनी तिला उपदेश केला नाही, आधी काम दिले. ज्या घरी कोणी मेले नाही, अशा घरची मोहरी आण. गोतमीचे पाय दारोदार फिरले, कॅथेचे हात मातीत फिरले. दोघींना कळले ते एकच.

पुढे १९३७-३८ मध्ये कॅथेने ब्राँझची एक लहान मूर्ती केली. उंची हातभरसुद्धा नाही. मेलेल्या तरुण मुलाला आपल्या गुडघ्यांमध्ये कवटाळून बसलेली आई. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. ओतकामाची जुनी रीत आपल्याकडच्या ओताऱ्यांनाही ठाऊक आहे : मेणाची आकृती करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, भट्टीत तापवून मेण काढून टाकावयाचे आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मेण जाते तेव्हाच मूर्तीला जागा होते. गेलेला माणूसही घरात अशीच पोकळी ठेवून जातो. तिच्यात काय ओतावयाचे, हे मात्र आपल्या हाती असते. कॅथेने त्यात शत्रूचा द्वेष ओतला नाही. १९२४ सालीच 'पुन्हा युद्ध नको' असे सांगणारे भित्तिचित्र तिने काढले होते.

ती छोटी मूर्ती मोठी करून १९९३ साली बर्लिनच्या 'नोये वाखे' या स्मारकात बसविण्यात आली. छताच्या मधल्या गोल झरोक्यातून ऊन, पाऊस आणि बर्फ त्या मातेच्या अंगावर पडते.

परंतु ब्राँझ तरी नित्य आहे काय? अर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराने १९२७ साली ग्युस्ट्रो गावच्या चर्चमध्ये ब्राँझचा एक तरंगता देवदूत टांगला. त्याचा चेहरा कॅथेच्या चेहऱ्यासारखा होता. नाझी राजवटीत, १९३७ साली, तो उतरविण्यात आला आणि पुढे युद्धासाठी वितळविला गेला. मित्रांनी त्याची दुसरी प्रत जपली, म्हणून १९५३ साली तो तेथे पुन्हा लागला. आणि कॅथेचे दुःख तरी संपले काय? १९४२ साली तिचा नातूही युद्धात पडला. त्याचेही नाव पीटर. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपण्यास थोडे दिवस असताना, ती वारली. म्हणजे बरे होणे याचा अर्थ विसरणे नव्हे, की पुन्हा दुःख न येणे नव्हे. दुःखाने माणसाला कठोर होऊ न देणे, हे ते बरे होणे.

आपल्या घरचे उदाहरण पाहा. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे गमावली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतरच्या मार्चमध्ये, १९२७ साली, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर सर्वांच्या लेकरांसाठी उभे होते. आपल्या वस्तीतल्या त्यांच्या पुतळ्याला हार घालताना हा बापही आठवावा.

आता त्या म्हाताऱ्या आईकडे वळू. ब्राँझ आपल्याला परवडणार नाही, पण हातांना काम देता येईल. मुलाच्या जुन्या कपड्यांची गोधडी ती शिवू शकेल. त्याची हकीकत ती सांगेल, नातीने वहीत लिहावी. त्याच्या नावाने वस्तीतल्या एका पोराची वह्या-पुस्तके ती दर साल घेईल. विहाराच्या अंगणात झाड लावून त्याला रोज पाणी घालील. हे कर्मकांड नव्हे. यात मृताला काही पोचवावयाचे नाही, जिवंतांना पोचवावयाचे आहे. मात्र एका दिवसात गुण मागू नका. कॅथेला अठरा वर्षे लागली.

तेव्हा आई पुन्हा विचारील, "त्याच्यासाठी काय करू?" तर तिला गप्प करू नका. तिच्याजवळ बसा, त्याच्याविषयी विचारा, आणि तिच्या हाती सुईदोरा द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!