बरोबरीचा एक गुण

शनिवार-रविवारची रात्र सरली की सकाळी शिरूरच्या एसटी स्थानकाबाहेर चहा घेताना इंग्लंडच्या फुटबॉलची चर्चा कानावर येते. रांजणगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेली ही मुलं. मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाइलवर सामना पाहिलेला, डोळे तांबारलेले. उशिरा आलेला एखादा विचारतो, "काय झालं रे रात्री?" उत्तर येतं, "काही नाही, बरोबरी." आणि बोलणं तिथंच संपतं. कुणी जिंकलं असतं तर गाडी येईपर्यंत वाद रंगला असता. गोल कुणी केला, चूक कुणाची, पंचांनी काय केलं, सगळं निघालं असतं. बरोबरी म्हटल्यावर विचारायला काही उरतच नाही, असं आपण धरून चालतो.

मला ते 'काही नाही' पटत नाही. बावीस माणसं दीड तास जीव तोडून धावली, एकाही बाजूनं दुसरीला पुढं जाऊ दिलं नाही, आणि आपण म्हणतो, काही झालंच नाही!

इंग्लंडमधल्याच एका सामन्याची गोष्ट घ्या. २१ सप्टेंबर २००३. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आर्सेनलचा संघ आला होता. सामना संपत आला तरी गोल नव्हता. आर्सेनलचा कर्णधार पॅट्रिक व्हिएरा याला लाल कार्ड मिळालं आणि संघ दहा खेळाडूंवर आला. त्यानंतर अगदी शेवटी, भरपाई वेळेत, युनायटेडला पेनल्टी मिळाली. रूड व्हॅन निस्टलरॉय हा त्यांचा हुकमी गोलवीर. त्यानं मारलेला चेंडू वरच्या आडव्या खांबावर आदळून परत आला. सामना ०-० सुटला. सामना संपल्यावर आर्सेनलच्या खेळाडूंनी निस्टलरॉयला घेरून त्याच्या अंगावर जाऊन जो उन्माद केला, तो वाईटच होता, आणि त्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली. पण पुढं काय घडलं ते पाहा. त्या हंगामात आर्सेनल ३८ सामने खेळलं, २६ जिंकलं, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरलं नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये असा हंगाम दुसऱ्या कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेला नाही. त्यांच्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेला खास चषक घडवला गेला. लोकांना आठवतात ते २६ विजय. मला वाटतं, तो हंगाम उभा आहे त्या १२ बरोबऱ्यांवर. कारण त्यातला प्रत्येक सामना हातातून निसटू शकला असता. मँचेस्टरचा तर निसटलाच होता, चार बोटांनी वाचला.

बरोबरीची किंमत किती, हा प्रश्न फुटबॉलवाल्यांनाही पहिल्यापासून छळत आला आहे. १८८८ साली इंग्लंडमध्ये बारा क्लबांची पहिली लीग सुरू झाली. सप्टेंबरात सामने सुरू झाले तेव्हा गुण कसे द्यायचे हेच ठरलेलं नव्हतं. ते नोव्हेंबरात ठरलं: विजयाला दोन, बरोबरीला एक. ही पद्धत तिथं जवळजवळ शतकभर चालली. पुढं संघ एका गुणावर समाधान मानून सावध खेळू लागले, प्रेक्षक कंटाळू लागले, म्हणून १९८१ पासून इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण झाले. विश्वचषकात हा नियम १९९४ साली आला. म्हणजे विजय महाग झाला. बरोबरीचा एक गुण मात्र होता तिथंच राहिला. तो काढून टाकावा असं ठरलं नाही, याला माझ्या लेखी मोठा अर्थ आहे.

आपल्याकडं फुटबॉलचं वेड म्हणावं तर ते कोल्हापूरचं. तिथं तालमींचेच फुटबॉल संघ आहेत, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. आणि शाहू स्टेडियमवर ते भिडले की गाव लोटतं. घोड आणि भीमेच्या काठचे आम्ही मात्र मूळचे हगाम्याचे लोक. चैत्र लागला की शिरूर, पारनेर, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. मांडव-डहाळे, शेरणी, पालखीचा छबिना, रात्री तमाशा, सकाळी त्याच्या हजेऱ्या, आणि ऊन कलताना कुस्त्यांचा हगामा. नांगरून, ढेकळं फोडून मऊ केलेली माती. भोवती गोल करून बसलेली माणसं, लिंबाच्या फांद्यांवर पोरं, आणि सतत कडाडणारी हलगी. रेवड्यांवरच्या चिमुकल्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि इनामाचा आकडा चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीवर येतो.

हगाम्यात मला सगळ्यात जास्त पाहण्यासारखा वाटतो तो जोड लावणारा माणूस. बहुधा गावातला जुना पैलवान, कान मोडलेला, फेटा बांधलेला. एका पोराचा हात धरून तो त्याला आखाड्यात फिरवतो, समोरून दुसरं पोरगं पुढं येतं, आणि हा दोघांना शेजारी उभं करून नुसत्या नजरेनं तोलतो. उंची, वजन, मान, मांडी, किती दिवस मेहनत झालेली आहे, कुठल्या वस्तादाच्या हाताखालचा आहे. जोड विजोड दिसली तर प्रेक्षकच ओरडतात, "नको, नको, दुसरा काढा." थोराड गड्यानं कोवळ्या पोराला पाडलेलं पाहायला कुणी आलेलं नसतं. तोडीस तोड हवी, हा हगाम्याचा पहिला नियम.

यातच एक गोष्ट दडलेली आहे आणि ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. कुस्ती सुरू होताना सगळ्या गावाला बरोबरी हवी असते. त्यासाठीच एवढी निवड, एवढी तोलामापी. आणि कुस्ती संपताना मात्र ती बरोबरी कुणालाच नको असते! जोड जितकी चांगली लागेल तितकी ती बरोबरीत सुटण्याचा संभव जास्त, हे उघड आहे. तरी पंधरा-वीस मिनिटं खडाखडी चालली, एकानं पट काढायला जावं आणि दुसऱ्यानं तो हाणून पाडावा, एकानं खाली घ्यावं आणि दुसऱ्यानं मातीत छाती रोवून ठेवावी, असं होत राहिलं की कडेनं कुजबुज वाढते. हँडबिलावर 'निकाली कुस्त्यांचे मैदान' असं ठळक छापलेलं असतं. लोकांना पाठ लागलेली पाहायची असते. शेवटी पंच मध्ये जातात, दोघांचे हात धरून उंचावतात. कुस्ती बरोबरीत. इनाम निम्मं-निम्मं.

त्या क्षणी त्या दोन पोरांकडं बघावं. दोघांची छाती भात्यासारखी हलत असते. दोघं एकमेकांना कवेत घेतात, वाकून माती कपाळाला लावतात, पंचांच्या आणि वस्तादांच्या पाया पडतात. आपण दुसऱ्याला पाडू शकलो नाही याची रुखरुख त्यांच्या तोंडावर असतेच. पण आणखीही काही असतं. समोरच्याची खरी ताकद किती, हे त्या मैदानात फक्त त्या दोघांना कळलेलं असतं. कडेला बसलेल्यांना ते दिसत नाही. चितपट झालेल्या कुस्तीत जिंकणाऱ्याला हरणाऱ्याची ताकद पुरती कळायच्या आधीच कुस्ती संपून जाते. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीत ती शेवटच्या थेंबापर्यंत कळते.

प्रत्येक बरोबरी मानाची असते असं मी म्हणणार नाही. नुरा कुस्तीही आम्ही पाहिलेली आहे. आतून ठरवून, हातात हात अडकवून वेळ काढायचा आणि निम्मं इनाम खिशात घालायचं. मैदानावरही दोन संघ एका गुणावर मिटवून घेतात तेव्हा चेंडू मधल्या मध्ये फिरत राहतो. तिथं कंटाळणारा प्रेक्षक बरोबर असतो आणि विजयाचे गुण तीन करणारेही बरोबरच होते. पण एका लबाडीपायी सगळ्याच बरोबऱ्यांना 'काही नाही' म्हणणं हा प्रामाणिकपणे झुंजलेल्यांवर अन्याय आहे.

कुस्ती आता मॅटवर गेली आणि नियमांनी बरोबरी संपवूनच टाकली. गुण सारखे झाले तरी कुणी मोठा डाव मारला, शेवटचा गुण कुणी घेतला, असं पाहून एकाला विजयी ठरवतात. त्याआधीच्या काळाची खूण महाराष्ट्र केसरीच्या जुन्या यादीत दिसते. १९६१ पासूनच्या त्या यादीत काही वर्षांपुढं पैलवानाचं नावच नाही, तिथं 'अनिर्णित' असं लिहिलेलं आहे. त्या वर्षी कुणी कसलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. आणि निकाल लागूनही बरोबरीचा मान राखता येतो, हे जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत दिसलं. अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. हर्षवर्धन ३-२ असा जिंकला आणि पहिलं काम त्यानं कोणतं केलं, तर शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं.

शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडं पावसाचा भरवसा नाही. तिथला एखादा शेतकरी उन्हाळी कांदा विकून आला आणि "काय पदरात पडलं?" असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तर मिळतं, "खर्चाला खर्च निघाला." ऐकणारा हळहळतो. पण रोप मरू दिलं नाही, पाण्याची पाळी चुकू दिली नाही, भाव पडलेल्या वर्षी कर्ज वाढू दिलं नाही, एवढं सगळं केल्यावर ते वाक्य उच्चारता येतं. पुढच्या वर्षी तो माणूस पुन्हा रोप टाकतो, कारण त्याचं बियाणं आणि त्याची पत शाबूत असते. बरोबरीच्या एका गुणाचं मोल मी याच्यापेक्षा चांगलं सांगू शकणार नाही.

हे मोल सगळ्यात लख्ख दिसलं ते आपल्या शेजारी, गोव्यात. करोनामुळं २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या रिकाम्या मैदानांवर खेळवला गेला. मुंबई सिटी अव्वल आली, एफसी गोवा चौथी. आता हिशेब पाहा. २० सामन्यांत अव्वल मुंबई ४ वेळा हरली होती. गोवा फक्त ३ वेळा हरलं. पाचव्या आलेल्या हैदराबादलाही ३ वेळाच हरवता आलं. फरक कुठं पडला? गोव्याच्या १० बरोबऱ्या होत्या, हैदराबादच्या ११. विजयांइतकं बरोबऱ्यांनी पोट भरत नाही, हे तीन गुणांच्या नियमाचं म्हणणं इथं अगदी खरं ठरलं.

आणि तरीही उपांत्य फेरीचं शेवटचं दार उघडलं ते बरोबरीनंच. २८ फेब्रुवारी २०२१ ला गोवा आणि हैदराबाद समोरासमोर आले. गोव्याला एक गुण पुरेसा होता, हैदराबादला विजयच हवा होता. सामना ०-० सुटला. गोवा ३१ गुणांवर आत गेलं, हैदराबाद २९ गुणांवर बाहेर राहिलं. फलकावर दोन शून्यं शेजारी शेजारी, एकसारखी. आणि एका बाजूला मिठ्या, दुसऱ्या बाजूला गवतावर बसून राहिलेली माणसं.

उपांत्य फेरीत गोव्यासमोर मुंबई होती. साखळीत नुकताच, ८ फेब्रुवारीला, त्यांचा सामना ३-३ सुटला होता. ५ मार्चला २-२. ८ मार्चला पूर्ण वेळ आणि वर जादा वेळ खेळूनही ०-०. महिन्याभरात तीनदा भेटले आणि तीनदा कुणी कुणाला हटवलं नाही. हगाम्यातला जोड लावणारा म्हातारा तिथं असता तर त्यानं मिशीवरून हात फिरवला असता! पण अंतिम फेरीत एकच संघ जाऊ शकतो, म्हणून पेनल्टी झाल्या, आणि मुंबई ६-५ अशी पुढं गेली. पुढं तिनं चषकही जिंकला. फुटबॉलच्या नोंदींचा इथं एक नियम आहे आणि मला तो फार न्याय्य वाटतो. पेनल्टीनं फक्त पुढं कोण जाणार हे ठरतं. मूळ सामन्याची नोंद बरोबरी अशीच राहते. गरज म्हणून एकाला निवडावं लागलं, पण मैदानावर जे झालं ते पुसलं गेलं नाही.

हैदराबादचं काय झालं, तेही सांगायला हवं. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनाच पुढच्या हंगामातही त्यांनी ठेवलं. २० मार्च २०२२ ला ते अंतिम सामन्यात पोहोचले, पुन्हा गोव्यातच, फातोर्ड्याला, आणि या वेळी मैदान प्रेक्षकांनी भरलेलं. समोर केरळ ब्लास्टर्स. केरळनं आधी गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होरानं लांबून मारलेल्या फटक्यानं १-१ अशी बरोबरी साधून दिली. साहिल गोव्याचा. मग पेनल्टी आल्या, आणि गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीनं केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या. तोही गोव्याचाच. पेनल्टीत ३-१ अशी सरशी करून हैदराबादनं पहिल्यांदा चषक उचलला.