गीबत आणि कथा

कथालेखकाचा शेजाऱ्याच्या आयुष्यावर कितपत हक्क असतो? मोठ्या शहरात हा प्रश्न फारसा टोचत नाही. वडीगोद्रीसारख्या गावात मात्र कथेतल्या बाईचे नाव बदलून काहीच साधत नाही. दारातला हौद, भावाची रिक्षा, तलाक होऊन परत आली ते साल, एवढ्यावरून कोणीही सांगेल की ही अमक्याची मुलगी.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, घरी दखनी बोलतो आणि लिहितो मराठीत. वर्गात मुलांना गीबतीविषयी सांगावेच लागते. सूरह हुजुरातमध्ये तिची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. हदीस तर लेखकाला आणखी पेचात टाकते. भावाला आवडणार नाही असे त्याच्यामागे बोलणे ही गीबत. आणि तेही खरे असेल तर गीबत, खोटे असेल तर बोहतान. मग कथालेखकाने जावे कुठे? घडले तसे लिहिले तर गीबत, पदरचे घातले तर बोहतान! ‘कथा काल्पनिक आहे’ हा बचाव इथे टिकत नाही, कारण ओळखणारा वाचक कल्पित भागही त्या बाईच्याच खात्यावर मांडतो.

गीबतीला अपवाद आहेत. इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये असे सहा प्रसंग दिले आहेत आणि त्यांत पहिला मजलूमाच्या फिर्यादीचा आहे. कथेला दरवाजा असलाच तर तो हाच, असे आम्हांला वाटते. पण मजलूम ती बाई आहे आणि लेखणी आमच्या हातात आहे. तिने आम्हांला वकीलपत्र दिलेले नाही.

इस्मत चुगताई याही शिक्षिका होत्या, पुढे शाळांच्या निरीक्षक झाल्या (हे सांगताना आम्हा मास्तर लोकांना उगीच बरे वाटते). त्यांची ‘लिहाफ’ ही कथा 1942 मध्ये प्रसिद्ध झाली. लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला आणि त्या सुटल्या. कोर्टापुढे प्रश्न कथेतल्या शब्दांचा होता. जिच्या आयुष्यावरून कथा सुचली त्या बेगमेचे काय, हे न्यायाधीशाने विचारण्याचे कारण नव्हते. पुढे एका मेजवानीत ती बेगमच इस्मतआपांसमोर आली. तिने नवाबाला सोडून दुसरे लग्न केले होते, तिला मुलगा झाला होता आणि तिच्या मनात राग नव्हता. हे इस्मतआपांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

हा किस्सा लोक कथेचा विजय म्हणून सांगतात. आम्ही तसे मानत नाही. बेगमेने जवळ केले ही तिची दिलदारी. आमच्या मोहल्ल्यातल्या बाईला दुसरे घर मिळेलच असे नाही, आणि माफीच्या भरवशावर उधारीत कथा लिहिता येत नाही.

‘उर्दूत लिहा, घरातले घरात राहील,’ असा सल्ला आम्हांला मिळतो. सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये भरले. इतक्या वर्षांनंतरही हा सल्ला जुना झालेला नाही. त्यामागची भीती गीबतीची नसते. ती कौमच्या अब्रूची असते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जोड्याच्या रकमेची चाल उघड केल्याने कोणाचे मांस खाल्ले जात नाही. म्हणून माणूस झाकावा, चाल झाकू नये. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट होते. बाई ओळखू येते आणि रक्कम मागणारा सासरा ‘नशिबा’च्या आड बसतो.

मात्र यातही एक खाच आहे. प्रेमचंदांची ‘कफन’ 1935 मध्ये उर्दूतच प्रथम छापली गेली. घीसू आणि माधव कोण होते हे कोणाला ठाऊक नाही. त्यांची जात मात्र कथेत लिहिलेली आहे. अनेक दलित लेखकांनी पुढे आक्षेप घेतला तो त्यावरच. एक माणूस झाकला आणि त्याचा डाग हजारो लोकांवर पडला. ‘तलाकवाली’, ‘मौलाना’ हे शब्द आम्ही कथेत लिहितो तेव्हा मराठी वाचक त्यांतून कोणाला पाहतो, याचा विचार करावाच लागतो. यावर पक्का तोडगा आमच्याजवळ नाही. पात्राला इतके बारकाईने घडवावे की ते कोणाचा प्रतिनिधी म्हणून उभेच राहू नये, एवढेच सुचते.

या बारकाईचा एक फायदा सध्या हाती असलेल्या कथेत दिसला. आमच्या माहितीतली बाई शिवणकाम करते. तिला झाकण्यासाठी कथेत तिला शहागडच्या पुलापलीकडे नेले आणि मिरची कांडपाची गिरणी दिली. शिवणारी बाई घरात बसून इद्दत पाळू शकते. गिरणीवालीला दारात उभे राहून परक्या पुरुषांशी बोलावे लागते, पैसे घ्यावे लागतात. म्हणजे इद्दतीचे तीन महिने गिरणी बंद राहिली असणार. मग वीजबिल कोणी भरले? भावाने भरले तर त्याने मोबदल्यात काय मागितले? खऱ्या बाईच्या आयुष्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. कथा तिथे अडली आहे आणि आता ती त्या बाईची राहिलेली नाही.