यंत्राच्या हाती काय द्यायचे

नागपुरात यंत्राविषयीचा वाद आधी पोटाचा होता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिथे सूत कातणाऱ्या रिंग स्पिंडलचे प्रयोग झाले. जुन्या म्यूल यंत्रावर सूत काढायला ताकद आणि वर्षानुवर्षांचे कसब लागे. रिंगवर थोड्या शिकवणीत कुणीही उभे राहू शके. सूत वाढले, शहर वाढले, आणि ज्याच्या हातात कला होती त्याची गरज कमी झाली. याच मिलने १८९५ मध्ये अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई देणे सुरू केले. यंत्र इजा करते आणि त्याचा हिशेब मालकाने द्यायचा असतो, हे एवढ्या लवकर मान्य होणे मला फार मोलाचे वाटते.

नागपूरशेजारच्या सेवाग्रामात १९३६ साली राहायला आलेल्या गांधीजींनी हा प्रश्न त्याआधीच पुढे नेला होता. ते यंत्राचे सरसकट विरोधक नव्हते. सिंगरच्या शिवणयंत्राचे त्यांना कौतुक होते. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले, आणि थेट किर्लोस्करवाडीहून एक यंत्र त्या स्पर्धेत उतरले. ते कसोटीला उतरले नाही. पण यंत्र माणसाचे कष्ट हलके करते की त्याला रिकामा बसवते, हा निकष तेव्हा ठरला.

यंत्राची भीती साहित्यातही उतरली. झेक लेखक चापेकच्या १९२० च्या नाटकातले रोबो हे बंड करणारे कामगारच होते. म्हणजे तिथेही भीती श्रमाचीच. १९४२ मध्ये विज्ञानकथाकार आसिमोव्हने आपल्या कथेत रोबोंसाठी तीन नियम मांडले. माणसाला इजा करायची नाही, हा त्यातला पहिला. इथे प्रश्न बदलला. यंत्र काय करू शकते यापेक्षा त्याला काय करू द्यायचे, हे महत्त्वाचे झाले.

या दोन प्रश्नांची गाठ आज आपल्याच नागपूर जिल्ह्यात पडते. १७ डिसेंबर २०२३ च्या सकाळी बाजारगावच्या सोलर कंपनीत स्फोटकांच्या पॅकिंग विभागात स्फोट होऊन नऊ जण मरण पावले. त्यात सहा महिला होत्या. पुढच्या जून महिन्यात धामण्याच्या दुसऱ्या कारखान्यातही तसेच घडले. रोबोने माणसाची जागा घ्यावी असे काम कोणते, असे कुणी विचारले तर माझ्याकडे याहून स्पष्ट उत्तर नाही. या पॅकिंगच्या जागी माणूस उभा राहण्याची गरजच पडू नये. रोजगार जाईल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना दुसरे काम कुठे आहे? पण मग त्या यंत्रावर लक्ष ठेवण्याचे काम भिंतीपलीकडून त्यांनाच शिकवावे. तो खर्च कारखान्याचा आहे.

त्याच जून २०२४ मध्ये सोलर उद्योगसमूहाच्याच ‘नागास्त्र-१’ या आत्मघाती ड्रोनचा पहिला हप्ता, १२० नग, लष्कराला मिळाला. सुमारे नऊ किलोचे हे अस्त्र अर्धा तास हवेत राहते आणि लक्ष्यावर आदळून फुटते. मोहीम रद्द झाली तर ते पॅराशूटने परत उतरवता येते. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ही परत बोलावण्याची सोय. शेवटच्या क्षणी थांबण्याचा अधिकार त्यामुळे सैनिकाकडे राहतो.

हा अधिकार टिकेल का, ही माझी काळजी आहे. बाजारगावच्या स्फोटानंतर पाचच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित घातक शस्त्रांवरचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधातल्या चार मतांत भारताचे मत होते. हा विषय जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराच्या चौकटीतच हाताळावा, ही आपली भूमिका. मुद्दा गैर नाही, पण तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्यामुळे वर्षे जातात. इकडे रणभूमी थांबत नाही. शत्रूने जॅमर लावला की ड्रोन आणि सैनिक यांचा संपर्क तुटतो. त्यावर एक सोपा वाटणारा तांत्रिक उपाय म्हणजे लक्ष्य ओळखून मारण्याचा निर्णय ड्रोनलाच देऊन टाकायचा. तो उपाय आपल्या कारखान्यांत रुळण्याआधी, संपर्क तुटलेल्या ड्रोनने हल्ला न करता मागे फिरावे, एवढी अट तरी आपल्या खरेदी करारांत भारताने आजच घालावी.