मुख्य कोण, जोड कोण?

पोटाच्या कामाशेजारी माणूस आणखी काही करू लागला, की त्याला काय नाव द्यायचं हे कामावर नसतं, करणाऱ्यावर असतं. शेतकऱ्याने दोन म्हशी बांधल्या की तो जोडधंदा. आम्ही बँकवाले त्याला कर्ज देतो. 2018-19 च्या अर्थसंकल्पाने तर किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनालाही दिली. गुरुजींनी संध्याकाळी मुलं जमवली की शिकवणी. डॉक्टर गाऊ लागले की छंद. साहेबांनी टेबलाखालून घेतलं की वरकमाई, आणि गंमत पाहा, 'कमाई' हा शब्द नेमका इथेच! 2022 साली विप्रोने प्रतिस्पर्ध्यांचंही काम करणाऱ्या 300 जणांना घरी पाठवलं, तेव्हा 'मूनलायटिंग' गाजलं. चांदण्याचा इतका रुक्ष उपयोग आपल्या एकाही कवीला सुचला नाही.

आणि कारकून? बँकेच्या द्विपक्षीय करारात लेखी परवानगीशिवाय केलेला धंदा हे 'गंभीर गैरवर्तन' आहे. म्हणून तर आमच्यातल्या पुष्कळांच्या बायका विमा एजंट असतात! (मी लेख लिहितो. पण मानधन पाहता त्याला धंदा म्हणायला व्यवस्थापनही धजणार नाही.)

खरी पंचाईत होते ती कर्जाच्या अर्जावर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'मुख्य व्यवसाय' म्हणजे शेती, त्यातही कापूस. त्यात विचारायचं काय? पण दारव्ह्याकडचे एक काका म्हणाले, "साहेब, वावर माह्या नावानं हाय, पण घर तं बकऱ्यायच्या भरोशावर चालते."

आता आली का पंचाईत! ज्याचा तोटा दुसऱ्याने भरायचा तो मुख्य, आणि भरणारा मात्र जोड? बी.कॉम.ला हा ताळेबंद आम्हाला कुणी शिकवला नव्हता.

बरं, त्या बकऱ्या चारतं कोण? काकू. निंदणाला काकू, कापूस वेचायला काकू, चुलीपुढेही काकूच. त्यांच्या नावापुढे मात्र 'गृहिणी'. म्हणजे ज्या बाईला एकही काम फावल्या वेळात करायला मिळत नाही, तिच्या रकान्यात आपण काहीच काम लिहीत नाही. मला हे काही केल्या पटेना.

"काकू, तुमच्यापुढे पशुपालन लिहू का?" मी विचारलं.

काकूंनी पदर सारखा केला. "लिवा ना. पण मंग हप्ताबी माह्याच नावानं येईन काय?"