कृतज्ञता म्हणजे काय?

शिक्षकाचे ऋण फिटते काय, असा प्रश्न जिज्ञासू करतात. द्रव्याचे ऋण परत दिल्याने फिटते. परंतु विद्या देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही, मग त्यास परत काय द्यावे?

मुंबईच्या विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे भीमराव आंबेडकर हा विद्यार्थीही येई. तो त्यांच्या वर्गातील नव्हे, शाळेतीलही नव्हे. तरी त्यांनी त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

केळुसकर १९३४ साली निवर्तले. १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या पुस्तकदानाचा नावानिशी उल्लेख केला. त्याच वर्षी त्यांनी धम्मदीक्षा घेतली.

येथे कोणी शंका घेईल की, शिष्य स्वबुद्धीनेच थोर झाला. शिक्षकाने पुस्तक तेवढे दिले. यास उत्तर असे की, बुद्धी शिष्याचीच खरी. परंतु तिला वाट दाखविणारा हात दुसऱ्याचा होता. थोरपण आले म्हणजे तो हात झाकावासा वाटतो. कृतज्ञ या शब्दाचा अर्थच ‘केलेले जाणणारा’ असा आहे. फेडणारा असा नव्हे. म्हणून कृतज्ञता ही परतफेड नसून आपल्या आरंभाविषयीचे सत्यवचन होय. उपकारकर्ता ऐकावयास उरला नसतानाही जो ते बोलतो, तोच खरा कृतज्ञ जाणावा.